एकशे बेचाळीस अंगरखे

शिरपुरात मेन रोडवरून डाव्या हाताच्या बोळात वळलं की चौथं दार कनीजआपांचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, भिंतीला खुंट्यांची रांग, आणि दारावर पाटी: 'कनीज टेलर. जेन्ट्सचे कपडे शिवून मिळतील.' पाटीवर 'लेडीज' हा शब्दच नाही. आपा ब्लाउज शिवतात, आणि फार चांगला शिवतात. पण ते लिहायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

"टेलर बाई म्हटल्यावर ब्लाउज लोक धरूनच चालतात," त्या म्हणतात. "बाकीचं सांगावं लागतं."

मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवते. सात-आठ वर्षं मी त्यांच्याकडे ब्लाउजच टाकत होते, आणि पाटी रोज वाचूनही मला काही कळलेलं नव्हतं.

आपा मूळच्या भुसावळच्या. त्यांचे वडील, नईम मास्तर, रेल्वे कॉलनीच्या कडेला बसून गार्डचे, तिकीट तपासनिसांचे युनिफॉर्म शिवायचे. जाड कापड, पितळी बटणं, आणि गार्डसाहेबाला चालत्या डब्याच्या दारातून झेंडी दाखवायची असते, म्हणून खांद्यात मोकळीक. आपा लहानपणी कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायच्या. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हा त्या टेबलाखालून उठून टेबलाशी उभ्या राहिल्या. पाच भावंडांत कात्री त्यांच्याच हाताला बसली. मास्तरांनी पोरगी म्हणून हात आखडला नाही. युनिफॉर्म, शेरवानी, मौलवींचे जुब्बे, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांचे बंदांचे अंगरखे, सगळं त्यांनी मुलीकडून कापून घेतलं.

लग्न होऊन त्या शिरपुरात आल्या. नवरा असलम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सासरी त्यांच्या वाट्याला साड्यांना फॉल लावणं आलं. बाईने गड्यांचे कपडे शिवायचे हे घरात कुणाला रुचलं नसतं, म्हणून त्यांनीही विषय काढला नाही. वीस वर्षं फॉल आणि ब्लाउज. पुढे असलमभाई छातीच्या दुखण्याने गेले, मुलगी रूही तेव्हा अकरा वर्षांची होती. चाळीस दिवस झाल्यावर आपांनी बोळाच्या तोंडाशी असलेल्या पेंटरकडून ती पाटी रंगवून आणली.

मेन रोडवर प्रेमराज टेलर म्हणजे मोठं नाव. चार कारागीर, काचेचं दुकान. ते स्वतः पाटी बघायला बोळात आले.

"बाईमाणूस गड्याच्या छातीचं माप कसं घेणार?" त्यांनी विचारलं.

"टेपनं," आपा म्हणाल्या. "तुम्ही कशानं घेता?"

पहिले तीन महिने एक गिऱ्हाईक आलं नाही. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून चुडामण आबा आले. ऐंशीला टेकलेले, पाठीला मोठं पोक. कुठल्याही टेलरचा सदरा त्यांना मागून वर चढायचा आणि पुढून गुडघ्यावर लोंबायचा. चार दुकानं फिरून ते शेवटी बोळात शिरले होते.

"मन्हा पाठवर सदरा बसत नही व माय," ते म्हणाले.

"बसी ना, आबा. मी शे ना."

आपांनी त्यांना ताठ उभं राहायला सांगितलं नाही. आबा जसे वाकून उभे होते तसंच माप घेतलं. पाठ वेगळी, पोट वेगळं, दोन्ही खांदे वेगवेगळे. मागचा भाग चार बोटं लांब, पुढचा तीन बोटं आखूड. आठ दिवसांनी आबांनी सदरा घातला, आरशात पुढून पाहिलं, मग मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला. कित्येक वर्षांत त्यांच्या सदऱ्याची किनार जमिनीशी सरळ आली नव्हती. ते तो सदरा अंगावर तसाच ठेवून घरी गेले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावातले सहा जण एका रिक्षात बसून आपांकडे आले.

हे सगळं मला नंतर कळलं. कळायला एक मोठी फजिती व्हावी लागली, आणि तिच्यात माझाही हात होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलेजने ठरवलं की पदवीदान समारंभात काळे गाऊन नकोत. फेब्रुवारीत इथलं ऊन काय असतं ते ज्याने तो काळा गाऊन घातलाय त्याला विचारा. आपल्याकडचाच एखादा सैलसर पोशाख असावा असं प्राचार्य हितेंद्र सरांच्या मनात होतं. समितीत चर्चा झाली आणि अंगरखा ठरला. मोतिया रंगाच्या हातमागाच्या कापडाचा, गुडघ्याखाली येणारा, छातीवर एकावर एक येणाऱ्या दोन बाजू आणि उजवीकडे बांधायचे बंद. मुलामुलींना एकच. बाहेरगावच्या एका कारखान्याला एकशे बेचाळीस अंगरख्यांची ऑर्डर गेली. नमुन्याचा फोटो मोबाइलवर आला आणि तो मी पास केला. फोटोत पुतळ्याने हात खाली सोडलेले होते.

पाहुण्यांना वाटायला एक चार पानी पत्रक करायचं होतं: अंगरखा म्हणजे काय, तो आला कुठून. ते काम माझ्याकडे होतं आणि मी ते मन लावून केलं. अंगरक्षक या संस्कृत शब्दापासून अंगरखा. अंगाला राखणारा तो अंगरखा. राजस्थान, गुजरातपासून मराठी दरबारापर्यंत त्याचा वावर. सहा जोड्यांनी बारा बंद असलेली बाराबंदी ही त्याचीच जवळची नातेवाईक. आपण ज्याला झब्बा म्हणतो तो अरबी जुब्ब्यावरून आला. पत्रक छापायला जायच्या बेतात होतं.

शनिवारी समारंभ आणि सोमवारी रंगीत तालीम. मुलांनी अंगरखे घातले. रांगेत उभी राहिली तेव्हा सभागृह इतकं देखणं दिसत होतं की हितेंद्र सरांनी स्वतः फोटो काढले. मग प्रतिज्ञा घ्यायची म्हणून सगळ्यांनी उजवा हात वर केला.

हात खांद्याच्या वर जाईचनात. ज्यांनी जोर केला त्यांचा अख्खा अंगरखा वर चढला, कंबर उघडी पडली, बंद तुटले. मागच्या रांगेत कुठेतरी टर्रकन आवाज झाला. मुलं हसायला लागली. एका मुलाने तर हात अर्धवट वर ठेवून रिक्षा थांबवल्यासारखा केला, आणि मग हसू आवरेचना कुणाला. मी मात्र घामाघूम झाले.

कारखान्याला फोन लावला. ते म्हणाले, परत पाठवा, तीन आठवड्यांत करून देतो.

"हातच वर करू नका म्हणावं मुलांना," समितीतलं कुणीतरी म्हणालं. "प्रतिज्ञा मनातल्या मनात."

तेवढ्यात एक मुलगी माझ्याजवळ आली. बी.एस्सी.ची रूही. ती कुणाची मुलगी हेही मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. तिने स्वतःच्या अंगरख्याची बगल चिमटीत धरून मला दाखवली.

"मॅडम, याच्यात चौबगला नाहीच. अम्मीला दाखवू का?"

आम्ही दोघी तिथूनच बोळात गेलो. आपा कुणाची तरी पँट कापत होत्या. त्यांनी अंगरखा हातात घेतला, उलटा केला, शिवण पाहिली, कापड बोटांत चोळून पाहिलं.

"कापड चांगलंय," त्या म्हणाल्या. "शिवण पण चांगलीय. पण हाऊ अंगरखा नही शे, मॅडम. हा शर्ट आहे, अंगरख्याचं सोंग घेतलेला."

मग त्यांनी मला समजावलं. अंगरखा सरळ पट्ट्यांचा असतो. त्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, शर्टासारखा गोल कापत नाहीत. बाही सरळ येऊन अंगाला मिळते, आणि जिथे मिळते तिथे काखेत एक चौकोनी तुकडा टोकावर उभा बसवतात. तो चौबगला. हात खाली असला की तो घडी होऊन बसतो, दिसतही नाही. हात वर गेला की उघडतो आणि तेवढं कापड हाताला देतो. कारखान्याने फोटोवरून शिवलं होतं, आणि फोटोत चौबगला दिसत नाही.

"दुरुस्त होईल?"

"होईल. मुंढ्याखाली शिवणीत बरंच कापड दाबलंय, ते सोडवायचं. दोन्ही बगला उसवायच्या, बाजूची शिवण चार बोटं उसवायची, तुकडा बसवायचा."

"एकशे बेचाळीस आहेत, आपा. शनिवारी कार्यक्रम."

त्या पँटकडे वळल्या आणि कात्री चालवता चालवता म्हणाल्या, "दोनशे चौऱ्याऐंशी चौबगले. बठ्ठा आणा, एकूण एक."

हितेंद्र सर माणूस चांगला, पण त्यांना धीर होईना. एकटी बाई, दोन मशीन. त्यांनी प्रेमराज टेलरना बोलावून घेतलं. प्रेमराजभाऊंनी अंगरखा पाहिला, बगलेत दोन बोटं घातली आणि खाली ठेवला.

"सर, मी गेली तीस वर्षं शर्ट-पँट शिवतोय," ते म्हणाले. "चौबगला मी माझ्या वडिलांच्या हातचा पाहिलाय. मला तो कोपऱ्यात चुण्या न पडता बसवता येत नाही. शिरपुरात हे काम एकच माणूस करेल."

"कोण?"

"कनीजआपा. माझी मशीन देतो, कारागीर देतो, मीही बसतो. पण सांगतील त्या."

ज्या माणसाने बोळात येऊन पाटीला नाक मुरडलं होतं, त्याने हे प्राचार्यांच्या केबिनमध्ये, चार लोकांसमोर सांगितलं. आपांना हे मी जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टेलर आहे तो. शिवण ओळखतो." आणि उठून कात्रीला धार लावायला बसल्या.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता कॉलेजच्या सभागृहात सहा मशीन लागली. पहिला प्रश्न कापडाचा. तेच मोतिया कापड शिरपुरात मिळेना. जवळपासच्या रंगाचं चालेल, असं सर म्हणाले. आपा म्हणाल्या, नाही.

"जवळपासचा रंग म्हणजे डाग. लांबून कळतं की काहीतरी लपवलंय. आपल्याला लपवायचं कशाला? लाल घालू. माझे अब्बा म्हाताऱ्यांच्या अंगरख्याला लालच घालायचे."

सुती लाल कापड आलं. आपांनी ते मिठाच्या पाण्यातून दोनदा काढलं, गच्चीवर वाळवलं, पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं. फडक्याला रंग लागला नाही तेव्हाच त्यावर खडू टेकवला. सगळे चौकोन त्यांनी स्वतः कापले. दुसऱ्या कुणाच्या हातात कात्री दिली नाही.

शिवायला मात्र सगळ्यांना बसवलं. एफ.वाय.च्या चार मुली उसवायला, कारागीर मशीनवर. आपा टेबलामागे उभ्या. दुपारी पहिले वीस अंगरखे तयार झाले. त्यांनी एकेक घेऊन आत हात घातला, वर केला, खाली केला. त्यातले अकरा बाजूला काढले.

"हे उसवा."

"आपा, लांबून कळणार नाही," एक कारागीर म्हणाला.

"हात वर केला की कळेल. कोपऱ्यात शिवण अर्धा दोरा पुढे गेलीय, तिथेच फाटणार. उसवा."

प्रेमराजभाऊंनी त्या अकरांतले तीन आपल्या हातचे आहेत हे ओळखलं आणि मुकाट्याने उसवायला घेतले. दुसऱ्या दिवशी चार परत गेले. गुरुवारी एकही नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझं पत्रक वाचून दाखवलं. त्या भाकरीचा घास हातात धरून ऐकत होत्या. अंगाला राखणारा, इथवर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"हे बरोबर आहे. अब्बा पण हेच सांगायचे. फक्त ते पुढे सांगायचे, अंग राखायचं तर आधी त्याला हलायला जागा ठेव. माझे आजोबा बारागाड्या ओढणाऱ्या भगताचा अंगरखा शिवायचे. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधलेल्या, वर माणसं बसलेली, आणि भगत पुढे ओढत पळणार. त्याचा अंगरखा जर बगलेत अडला तर? आजोबा शिवून झाल्यावर त्याला अंगणात पळायला लावायचे. पळ, हात वर कर, खाली बस, ऊठ. मग पसंत."

"आणि जुब्बा?"

"जुब्ब्यालाही चौबगला असतो. कापड वेगळं, गळा वेगळा, बंद नाहीत. बगल तीच. माणूस नमाजेला वाकतो, हात वर करतो. काख सगळ्यांची सारखीच की हो, मॅडम!"

मी पुस्तकं चाळून चार पानं लिहिली होती. त्यातलं काही चुकीचं नव्हतं. पण त्या पानांतला अंगरखा खुंटीवर टांगलेला होता, हात खाली सोडलेला, माझ्या त्या फोटोसारखा. मी संध्याकाळी छापखान्यात फोन करून पत्रक थांबवलं आणि तिसरं पान नव्याने लिहिलं. त्यात चौबगल्याची आकृती घातली. ती आपांनी खडूने काढून दिली होती. खाली नाव घातलं: माहिती, कनीज असलम शेख, शिवणकार, शिरपूर.

शुक्रवारी दुपारी चारला एकशे बेचाळिसावा अंगरखा टेबलावर आला. आपांनी हात घालून पाहिला आणि प्रेमराजभाऊंकडे दिला. "तुम्ही बघा एकदा." त्यांनी पाहिला, उलटा केला, सुलटा केला. "पास," ते म्हणाले, आणि उसवणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सभागृह भरलं होतं. खेड्यांतून आलेले आईबाप, कुणी शेतातून तसेच, कुणी ठेवणीतल्या कपड्यांत. आपांना सरांनी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. त्या तिथे बसल्या नाहीत, बाजूच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. तिथून मुलांच्या बगला नीट दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

प्रतिज्ञेसाठी सगळे उठले. "उजवा हात वर," असं सांगितलं गेलं, आणि एकशे बेचाळीस हात एकदम सरळ वर गेले. एकही किनार हलली नाही. फक्त प्रत्येक बगलेत एक लाल चौकोन उघडला. मोतिया रंगाच्या त्या ओळींमध्ये एका क्षणात इतकं लाल उमटलं की मागे बसलेल्या लोकांतून 'आहा' असा आवाज आला. काही मुलांना तो आवाज इतका आवडला की प्रतिज्ञा संपल्यावरही त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

मी आपांकडे पाहिलं. त्या ओठ घट्ट मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगा तपासत होत्या. मग त्यांची नजर तिसऱ्या रांगेत रूहीवर आली आणि थांबली. तेव्हा मात्र त्यांनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, आणि लगेच पुढच्या रांगेकडे वळल्या.

समारंभाच्या पाहुण्या जळगावहून आल्या होत्या. भाषणाला उभं राहिल्यावर त्यांनी आधी विचारलं, "हे लाल काय आहे? पत्रकात वाचलं, पण ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय." हितेंद्र सर स्वतः भिंतीपाशी गेले. आपा नको नको म्हणत होत्या. शेवटी प्रेमराजभाऊ मागून म्हणाले, "जा की, आपा," आणि त्या स्टेजवर चढल्या.

माईक त्यांनी हातात घेतला नाही, सरांनीच धरला.

"मी कनीज. भुसावळच्या नईम मास्तरांची मुलगी," त्या म्हणाल्या. "मी सातवी शिकले. हे जे लाल आहे त्याला चौबगला म्हणतात. अंगरखा अंगाला राखतो आणि हाताला मोकळं ठेवतो. तुम्ही सगळे आता मोठी मोठी कामं करणार. हात आखडता घेऊ नका. कपडा अडला तर माझ्याकडे या."

टाळ्या थांबेनात. रूही जागेवरून उठून उभी राहिली आणि तिच्यामागे अख्खी रांग उभी राहिली. आपांना ते पाहून काय करावं कळेना. त्यांनी सगळ्यांना हाताने खाली बसायची खूण केली, शाळेतल्या बाईंसारखी.

तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी तेच अंगरखे वापरतात. समारंभ झाला की आपा ते मोजून, धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात लावतात, आणि पुढच्या जानेवारीत एकेक तपासतात. रूही आता धुळ्यात एम.एस्सी. करते. शनिवारी दुपारी आपांच्या दुकानात सहा मुली कटिंग शिकायला येतात, त्यातल्या दोन प्रेमराजभाऊंच्या पुतण्या. धुळ्याच्या एका नाटक मंडळाने त्यांच्याकडून चौदा अंगरखे शिवून नेले, वरणगावचा एक कीर्तनकार एवढ्या लांबून माप द्यायला येऊन गेला.

मागच्या आठवड्यात मी सहज गेले होते. आपा फोनवर होत्या. पलीकडून कुणीतरी छाती, कंबर, उंची असे आकडे सांगत असावं. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मधेच तोडलं.

"भाऊ, आकडे मी घेते नंतर. आधी मला सांगा, तो कपडा घालून तुम्ही करणार काय? बसणार, नाचणार, का ढोल वाजवणार?" उत्तर ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "मग तर तुम्हाला यावंच लागेल. आणि येताना ढोल घेऊन या."